बोट नसलेल्यांचा दर्या

विजयदुर्गच्या खाडीपासून देवगडच्या बंदरापर्यंतचा किनारा नकाशात एका रेघेने काढलेला असतो. प्रत्यक्षात ती रेघ जागोजागी तुटलेली आहे. पडवण्यासारखी एखादी पुळण सोडली, तर बऱ्याच ठिकाणी सडा थेट समुद्रात उतरतो. वर जांभा आणि त्याच्याखाली काळा कातळ. जांभा सच्छिद्र, पावसाचं पाणी त्यात मुरत राहतं. लाटा पायथा पोखरत राहतात आणि मग एखाद्या पावसाळ्यात वरची मोठीच्या मोठी धोंड सुटून खाली येते. अशा धोंडींच्या राशी, त्यांच्यामधल्या घळी आणि दोन्ही अंगांनी समुद्रात घुसलेल्या कातळाच्या सोंडांमध्ये कोंडलेलं हिरवं पाणी, अशा जागा या पट्ट्यात पुष्कळ आहेत. फिरायला येणारे तिथे फारसे जात नाहीत, कारण बसायला वाळू नाही. होडीवाल्यांनाही त्यांचा उपयोग नाही. होडी लावायला गेलं तर फुटते, जाळं टाकलं तर फाटतं, आणि रापण ओढायची तर दोन्ही बाजूंना माणसं उभी राहतील एवढी सपाट पुळण लागते. कुणालाच नको होत्या म्हणून त्या जागा इतकी वर्षं ज्यांच्याकडे काही नाही त्यांच्यासाठी राहिल्या. मला त्यांच्याबद्दल बोलायचं आहे.

आमच्या आजोळच्या सड्याखाली असा एक कोंडा आहे. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ते कारण पुढे येईल. मासेमारी हा ज्यांचा पिढीजात धंदा, त्या गाबितांची वस्ती बंदराला, खाडीच्या तोंडाशी. आमचा वाडा सड्यावरचा. भातशेती थोडी, नाचणी थोडी, आणि गेल्या दोन-तीन पिढ्यांत कातळाला सुरुंग लावून, खड्ड्यांत माती भरून उभी केलेली हापूसची कलमं. वाड्यात एकाचीही होडी नाही, कधी नव्हती. तरीही संध्याकाळी अर्ध्या घरांत ताज्या मासळीचा वास असायचा. ती मासळी बाजारातून आलेली नसायची. ती या कोंड्यातून, गरी टाकून, पागून, नाहीतर खडपावरून खरवडून आणलेली असायची. मालकीची नौका नाही, बंदरावर ओळख नाही, खिशात पैसे नाहीत, अशा माणसाला समुद्रातलं काही हवं असेल तर ते मिळण्याची हीच एक जागा. खडकाळ किनारा म्हणजे बोट नसलेल्यांचा दर्या, असं मी मानतो.

तिथे जायचं कधी, हे घड्याळ ठरवत नाही, तिथी ठरवते. कोकणात लहान पोरालाही हा हिशेब येतो. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठ. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी, आणि रोज पाऊणएक तास उशीर. हा हिशेब मुंबईच्या बाजूला जास्त बरोबर येतो. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जाते, त्यामुळे आमच्याकडे पाणी थोडं आधीच चढतं, आणि जुनी माणसं आलेल्या आकड्यातून मनातल्या मनात तेवढं वजा करतात. पाण्याची उंचीही सारखी नसते. मुंबईला मोठ्या उधाणात पाणी साडेचार-पाच मीटर चढतं, गोव्याकडे ते दोन-सव्वादोन मीटरवर येतं. आमचा कोंडा मधला. अष्टमीच्या आसपास भांग असते तेव्हा पाणी जेमतेम हलतं, गरीला काही लागत नाही. माणसं मग घरी बसून तंगूस गुंडाळतात, गंजलेल्या गऱ्या घासतात.

या हिशेबातून एक गोष्ट निघते. उधाणाची भरती जर दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास, तर उधाणाची ओहोटी, म्हणजे महिन्यातलं सगळ्यांत खाली गेलेलं पाणी, पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. बारा महिने, वर्षानुवर्षं, हे असंच. म्हणून कालवं काढणाऱ्या बायका पहाटे जातात. घरातलं काम उरकायच्या आत, पोरं उठायच्या आत, समुद्राने त्यांना बरोबर दोन-अडीच तास दिलेले असतात.

पण आधी गरीबद्दल.

गरवायला लागणारं सामान एका पिशवीत मावतं. तंगुसाचं वेटोळं, ते गुंडाळायला लाकडाचा तुकडा किंवा पाण्याची रिकामी बाटली, चार-पाच गऱ्या, शिसं, आणि आमिष. रॉड आणि चक्र घेऊन येणारी मंडळी आता शहरातून येतात आणि त्यांच्यातले काही फार चांगले मासेमार आहेत. पण आमच्याकडे हातानेच. आमिष म्हणून सुंगटं, माकुलाचे तुकडे, पेडव्याची चिरफळी, आणि काहीच नसेल तर खडपावरचा शंख दगडाने फोडून आतला गर. शिसं गरीच्या खाली, आणि ते मुख्य तंगुसापेक्षा नाजूक दोऱ्याने बांधायचं. कपारीत अडकतं ते बहुतेक वेळा शिसंच. दोरा नाजूक असला की शिसं तुटतं आणि गरी परत येते. शिसं महाग वाटतं ते लोक जुना नट बांधतात.

हे सगळं मला आबांनी शिकवलं. आबा माझ्या आईचे चुलते, आता ऐंशीच्या पुढचे. ते कोंड्यात उतरले की बोलणं बंद. पहिलं काम म्हणजे उभं राहून पाणी बघायचं. गरी पिशवीतच. किती वेळ बघायचं याला नियम नाही. लाट कुठल्या सोंडेवर आधी फुटते, फेस कुठे गोळा होतो आणि कुठल्या वाटेने परत जातो, पाणी नितळ आहे की गढूळ, हे सगळं बघून झाल्यावर ते आपली धोंड निवडायचे. फेसाच्या कडेला मासा असतो, कारण लाट खडकावरून किडा-मुंगी, खेकड्यांची पिल्लं, शेवाळ झाडून तिथे आणून टाकते. अगदी नितळ, शांत पाणी बघायला सुंदर, पण त्यात माशालाही आपण दिसतो.

मग तंगुसाची वेटोळी पायाशी सुटी मांडायची, एकावर एक न येता. शेवटची हातभर दोरी हवेत फिरवून गरी सोडायची. शिसं तळाला टेकलं की दोरी ताणून तर्जनीवर घ्यायची. आता सगळं त्या एका बोटात. खेकडा कुरतडतो ते वेगळं, बारीक मासे टोचतात ते वेगळं, केंड दातांनी तंगूस कापतो तेव्हा काही कळतच नाही, दोरी एकदम हलकी होते. गोबरा लागला तर मात्र शंका राहत नाही. एकच जोराचा हिसका, आणि तो खाली.

गोबऱ्याशी गाठ पडणं हा या कोंड्यातला सगळ्यांत मोठा प्रसंग. तो पळत नाही. त्याचं घर कपारीत असतं आणि लागल्याबरोबर तो घराकडे वळतो. घर चार-पाच हातांवर. तेवढ्या अंतरात त्याला थांबवलं नाही, तर तो कपारीत शिरतो, कल्ले फुगवतो, पंख ताठ करतो आणि दगडाला आतून अडकून बसतो. मग कितीही ओढा. तंगूस कातळाच्या धारेवर घासलं जातं आणि तुटतं. आबा पहिल्या हिसक्यालाच दोन पावलं मागे सरकायचे आणि दोरी पंजाला वेढा घेऊन धरायचे. बोटाला वेढा कधीच नाही, बोट कापलं जातं. एकदा मासा कपारीत गेलाच, आणि मी ओढायला लागलो. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

‘गप ऱ्हव. दोरी ढिली सोड. तेका वाटाक व्हया, तू गेलंस.’

आम्ही दोघं तसेच उभे. दोरी पाण्यात सैल तरंगत होती. लाटा येत होत्या, जात होत्या. आबांनी विडी पेटवली, ती संपली. मग सैल दोरी जराशी हलली, एका बाजूला सरकली, आणि आबांनी नुसती मान हलवली. मी ओढलं. तपकिरी अंगावर नारिंगी ठिपक्यांचा, रागाने तोंड वासलेला गोबरा वर आला. त्याचं वजन सांगण्यासारखं नव्हतं. पण दगडाखाली श्वास घेत बसलेल्या एका जिवाला कधी वाटेल की धोका टळला, हे वर उभं राहून ओळखायचं, आणि तोवर आपला हात आवरायचा, ही विद्या मी त्या दिवशी पाहिली. ती कुठल्या पुस्तकात मिळेल असं मला वाटत नाही.

गोबऱ्याबद्दल पुस्तकात मिळतं ते वेगळं आहे, आणि तेही तितकंच थोर. गोबऱ्याच्या जातीतले बहुतेक मासे मादी म्हणून जन्मतात आणि मोठे झाल्यावर त्यांतल्या काहींचे नर होतात. खाडीच्या तोंडाशी मिळणारा चोणक, ज्याला रायगडकडे जिताडा म्हणतात, तो नेमका उलटा. आधी नर, मग वयाने वाढला की मादी. म्हणजे कोंड्यातले मोठे मोठे गोबरे काढत गेलं तर मागे नर उरत नाहीत, आणि खाडीतले मोठे चोणक काढले तर अंडी घालणाऱ्या माद्या उरत नाहीत. तांबोशीची गोष्ट आणखी निराळी. तिचं बालपण खाडीतल्या कांदळवनात, तिवरांच्या मुळांमध्ये जातं. अंगात बळ आल्यावर ती बाहेरच्या खडपांकडे येते आणि पुढे खोल पाण्यात. आमच्या कोंड्यात लागणारी तांबोशी अशी वाटेवरची असते. तिवरं तोडून कुणी खाडीत भराव घातला, तर त्याचा परिणाम चार-पाच वर्षांनी इथे, या कातळावर बसलेल्या माणसाच्या गरीवर दिसतो. तो मात्र म्हणतो, यंदा तांबोशी रुसली.

आबांना यातलं शास्त्र माहीत नाही. पण मोठा, जुना गोबरा लागला की ते तो सोडायचे, एवढं मी पाहिलं आहे. कारण विचारलं तर म्हणायचे, तो त्या घळीचा राखणदार आहे. राखणदार हा शब्द आमच्याकडे थट्टेत वापरत नाहीत. शेताला राखणदार असतो, विहिरीला असतो, वर्षातून एकदा त्याला नारळ द्यावा लागतो. घळीलाही असणार, यात आबांना नवल वाटलेलं नाही.

बायकांचा कोंडा वेगळा. पुरुष धोंडीवर उभं राहून खोल पाण्यात गरी टाकतात. बायका पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या सपाट खडपावर वाकून बसतात. हातात टोकदार लोखंडी हत्यार, कमरेला लहान भांडं. कालवाची एक शिंप कातळाला कायमची चिकटलेली असते, वरची तेवढी झाकणासारखी. आमच्या वाड्यातली काकी त्या झाकणाच्या कडेवर एकच टोला द्यायची. जागा चुकली तर शिंपेचे तुकडे गरात मिसळतात आणि मग जेवताना दाताखाली येतात, म्हणून टोला एकच आणि बरोबर सांध्यावर. झाकण उडतं, टोकाने आतला गर उचलायचा, भांड्यात टाकायचा, पुढचं कालव. खालची शिंप तशीच राहते. कालवांची तरंगती पिल्लं बसायला जागा शोधत येतात तेव्हा त्यांना जुन्याच शिंपा आवडतात. खडप जितकं वापरलं जातं तितकं ते पुढच्या पिकाला तयार होत जातं, मात्र अख्खं खडप छिन्नीने उचकटलं तर ते संपतं. काकी कुठलंही खडप ओळीने दोनदा घ्यायची नाही. या उधाणाला हे, पुढच्या उधाणाला पलीकडचं.

दोन-अडीच तास वाकून भांडंभर गर होतो. थोडा घरी, कालवांच्या सुक्याला. बाकी वाड्यावर, रस्त्यावर, वाटे मांडून विकायचा. ते पैसे तिचे. कलमांचा पैसा घरातल्या पुरुषांच्या हातात येतो, काजूचाही. खडपावरचा पैसा बायकांच्या हातात राहतो आणि त्यातून वह्या येतात, गोळ्या-औषधं येतात, माहेरी जायचं एस्टीचं भाडं येतं. मासळीच्या उत्पादनाचे आकडे बंदरांवर मोजले जातात. हा पैसा कुठल्याच आकड्यात नाही. आणि पायांवरच्या जखमाही नाहीत. कातळावरच्या बारीक धारदार शिंपल्यांनी तिची पावलं इतकी कापलेली आहेत, की आता कापलेलं कळत नाही असं ती म्हणते. स्लिपर घालून खडपावर पाय ठरत नाही.

माणूस किती वर्षं असा या कातळांवर बसतो आहे? रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या सड्यांवर जांभ्यात कोरलेली चित्रं सापडली आहेत. त्यांतली काही ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, सिंधुदुर्गातलं कुडोपी त्यांत आहे. या कातळशिल्पांत हत्ती आहे, गेंडा आहे, माणसं आहेत आणि समुद्रातले जीवही आहेत. मासे आहेत, मुशी आहे, पाकट आहे. हजारो वर्षांपूर्वी ज्याने पाकटाचा तो चपटा आकार आणि लांब शेपूट जांभ्यात उतरवलं, त्याने पाकट दुरून पाहिलेलं नव्हतं. पाण्यातून ते एका सावलीसारखं दिसतं. शेपूट नेमकं कुठून निघतं हे कळायला ते कातळावर उलटं-सुलटं करून पाहावं लागतं. तो माणूस नौका घेऊन गेला होता की असाच एखाद्या कोंड्यात उतरला होता, हे मला सांगता येणार नाही. पण सड्यावरून खाली उतरायची एखादी वाट त्याच्या पायाखालची असणार, एवढं नक्की.

ही जागा माणसं मारते, हेही लिहिलं पाहिजे. गुहागर तालुक्यात हेदवीला बामणघळ आहे. कातळातली अरुंद, खोल चीर. भरतीला लाट त्या चिरेत कोंडते आणि पाण्याचा स्तंभ उसळतो. लोक तो पाहायला जातात आणि काठावर उभे राहतात. आमच्या कोंड्यातल्या घळी एवढ्या मोठ्या नाहीत, पण वागतात तशाच. वारा पडलेला, आकाश स्वच्छ, समुद्र सपाट, अशा दिवशीही अचानक एक लाट येते आणि कोरड्या धोंडीवरून कमरेएवढं पाणी जातं. लोकांना ते गूढ वाटतं. कारण खूप लांब असतं. दक्षिण गोलार्धात, अंटार्क्टिकाच्या अलीकडच्या वादळी समुद्रात उठलेल्या लाटा हजारो किलोमीटर प्रवास करून, आठवडाभराने आपल्या किनाऱ्याला लागतात. इथल्या वाऱ्याशी त्यांचा काही संबंध नसतो. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था आता अशा लाटांचे इशारे देते आणि ते मोबाइलवर येतात. कातळावर जाणाऱ्या प्रत्येकाने ते बघावेत, असं मी कळकळीने सांगतो. शेवाळलेल्या, काळपट हिरव्या कातळावर पाय ठेवू नये. एकट्याने जाऊ नये. आणि आबांचं वाक्य, जे त्यांना त्यांच्या आज्याने सांगितलं होतं: ‘दर्याक पाठ करू नको रे झिला.’ आमिष लावतानाही ते तोंड समुद्राकडे ठेवूनच वाकायचे.

पावसाळ्यात कोंडा बंद. राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी नौकांना मासेमारीला बंदी असते. कोंड्याला बंदीची गरज पडत नाही, मृगाच्या लाटा ते काम करतात. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळायला लागतो, आणि मग ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत कोंड्याचे खरे दिवस.

ते दिवस पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. रात्री सोंडेवर उभं राहिलं की क्षितिजावर दिव्यांचा उजेड दिसतो. केंद्र सरकारने २०१७ मध्ये एलईडी दिव्यांनी मासे ओढून पकडण्यावर बंदी घातली, राज्याने १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती करून दंड वाढवले, तरी उजेड दिसतो. सिंधुदुर्गातले पारंपरिक मच्छीमार याविरुद्ध वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरले आहेत. ते लढतात आणि त्यांनी लढावं. त्यांच्याकडे होड्या आहेत, सोसायट्या आहेत, नेते आहेत. कोंड्यातल्या माणसाकडे संघटना नाही. तो मच्छीमार म्हणून नोंदलेलाच नाही. सरकारच्या लेखी आबा शेतकरी आणि काकी गृहिणी.

आणि त्यांच्या समुद्राला मोठा धोका समुद्रातून येत नाही. तो वरून, सड्यावरून येतो.

कोंड्यात उतरणारी वाट कलमांच्या एका बागेतून जाते. पायवाट, एका माणसाच्या रुंदीची. पुढे जांभ्यात पायऱ्यांसारख्या खाचा आहेत, कुणी खोदल्या ते वाड्यात कुणालाही आठवत नाही. शेवटचा टप्पा धोंडीवरून बसून घसरायचा. बाग ज्यांची होती त्यांनी ही वाट कधी अडवली नाही. त्यांचीच माणसं त्या वाटेने गरवायला जायची. आता सड्यावरच्या जमिनी विकल्या जात आहेत. समुद्र दिसणारा प्लॉट, असं म्हटलं की भाव चढतो. ही बागही विकली गेली, आणि नव्या मालकाने पहिलं काम केलं ते चिऱ्यांचं कुंपण. यात वाईट हेतू असेल असं मी म्हणत नाही. शहरातून येणाऱ्या माणसाला आपल्या जागेला कुंपण हवंसं वाटतं. पण कुंपण वाटेवर आलं, आणि गेल्या कार्तिकात वाड्यातली माणसं बागेला लांबून वळसा घालून, निसरड्या उतारावरून खाली जायला लागली. काकीने जाणंच थांबवलं. भांडं घेऊन त्या उतारावरून वर येणं तिच्या गुडघ्यांना झेपत नाही.

कायदा इथे विचित्र जागी उभा आहे. भरतीची रेषा आणि ओहोटीची रेषा यांच्यामधला पट्टा सीआरझेडच्या अधिसूचनेत सगळ्यांत जपायच्या वर्गात येतो. २०११ मध्येही होता, २०१९ मध्येही आहे. तिथे कुणी बंगला बांधू शकत नाही. म्हणजे कालवांचं खडप सुरक्षित आहे. शेतात जायला वाट हवी असेल तर जमीन महसूल अधिनियमाचं कलम १४३ आहे, तहसीलदार बांधावरून वाट देऊ शकतो. पण समुद्र म्हणजे कुणाचं शेत नव्हे. राहतो तो वहिवाटीचा हक्क. तो १८८२ च्या कायद्याने सांगता येतो, पण सिद्ध करावा लागतो. वाट किती वर्षांची, कोण वापरत होतं, कशासाठी, सगळं. खडप सगळ्यांचं, तिथपर्यंत जायची वाट मात्र एकट्याची, ही स्थिती मला मान्य नाही. वाट गेली की समुद्र गेला. होडीवाल्याला दुसरं बंदर असतं. काकीला दुसरं खडप नाही.

ग्रामसभेत विषय निघाला तेव्हा कुणीतरी म्हणालं, सातबाऱ्यावर वाट दाखवलेली नाही. ग्रामसभेत सहसा न बोलणारी काकी उठून उभी राहिली.

‘कागदार वाट नाय म्हणतास. मगे इतकी वर्सां आमचे पाय खयसून चालत इले?’

सगळे गप्प झाले. मालकांचा माणूस तिथे होता. त्याने सांगितलं, लेखी काही आणा, साहेबांशी बोलतो. मला ते उत्तर टाळाटाळीचं वाटलं नाही. लेखी आणायचं म्हणजे काय, हा प्रश्न आमचा होता.

गावाचं नाव लिहिलं नाही ते यासाठी. बोलणी चालू आहेत आणि कुणालाही चव्हाट्यावर आणून ती बिघडवायची नाहीत.

शेवटी आम्ही एक यादी करायला घेतली. कोंड्यातल्या प्रत्येक धोंडीला, घळीला, सोंडेला नाव आहे. कुणी हौसेने ठेवलेलं नाही. काल कुठे लागला, आज कुठे बसायचं, हे एकमेकांना सांगता यावं म्हणून पडलेलं. जिथे शंभर वर्षं कुणी गेलं नाही तिथल्या दगडांना नावं पडत नाहीत. वहिवाटीचा याहून चांगला पुरावा मला सुचला नाही. आबा आता खाली उतरू शकत नाहीत. ते पडवीत बसून डोळे मिटून सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. उत्तरेकडून सुरुवात केली. म्हाताऱ्याची सोंड, तिच्या पोटातली गोबऱ्याची घळ, दुभंगलेली धोंड, पागाची शेळ, मधला ओटा. मध्येच थांबून म्हणाले, ओट्याच्या आधी विडीची धोंड राहिली, ती घाल. कोणती नावं त्यांच्या आज्याच्या वेळची, कोणती त्यांच्या हयातीत पडलेली, तेही सांगितलं. यादी चांगली दोन पानं झाली.

काकीने ती वाचून घेतली आणि म्हणाली, ह्यात आमचं एकही नाही. खरंच नव्हतं. आबांच्या यादीत भरतीच्या पाण्यावर उभ्या असणाऱ्या धोंडी होत्या. ओहोटीला उघडी पडणारी खडपं, जिथे पुरुष कधी वाकून बसले नाहीत, ती त्यांना नावाने माहीतच नव्हती. काकी, तिची जाऊ आणि पलीकडच्या घरातली आजी अशा तिघी बसल्या, आणि तिसरं पान भरलं. लांबडं खडप. सुनेचं खडप. पाटावरचं. एक नाव त्यांनी आधी हसून, मग आपसांत बोलून, अर्जात घालायचं नाही असं ठरवलं.

तीन पानांची यादी, कोंड्याचा हाताने काढलेला नकाशा, आणि सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात पायवाटेची नोंद व्हावी असा अर्ज. नकाशात वाट तांबड्या पेनाने काढली आहे, खडपांपर्यंत. अर्जावर वाड्यातल्या सगळ्या घरांच्या सह्या आहेत, आजीचा अंगठा आहे. एक प्रत मालकांच्या माणसाकडे दिली, त्याने ती नीट घडी घालून ठेवली. कार्यालयातून पोच मिळाली आहे. जागेवर पाहणी करायला येतो म्हणाले. मी तलाठ्यांना विचारून ठेवलं आहे की पाहणी अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या आसपास ठेवता येईल का, आणि सकाळी सहाला येता येईल का. त्या वेळी पाणी पूर्ण उतरलेलं असतं, तिसऱ्या पानावरची नावं दाखवता येतील.